स्थैर्याचा प्रश्न मांडणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल

प्रकाश, वीज आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात बांधणारे शास्त्रज्ञ म्हणून जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे नाव जगाला परिचित आहे. रेडिओच्या लहरी असोत वा दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, त्यामागील सिद्धांताचा पाया त्यांच्या समीकरणांनी घातला. मात्र याच मॅक्सवेल यांनी आणखी एका शास्त्राची पायाभरणी केली, याची माहिती अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर फारशी पोहोचलेली नाही. स्वतःच्या गतीवर स्वतःच लक्ष ठेवून ती सुधारणारे यंत्र स्थिर राहील की बेभान होईल, हे गणिताने आधीच कसे सांगावे, हा तो प्रश्न होता. आज विमान, वीजकेंद्र वा उपग्रह यांच्या नियंत्रण यंत्रणेची रचना करताना अभियंते ‘रूट लोकस’ म्हणजेच मुळांच्या बिंदुपथाची पद्धत वापरतात. या पद्धतीची वाट मॅक्सवेल यांच्या १८६८ सालच्या एका छोट्या निबंधापासून सुरू होते.

बालपण आणि शिक्षण

मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात झाला. वडील जॉन हे पेशाने वकील होते, पण त्यांचा ओढा यंत्रे आणि कारागिरीकडे होता. जेम्स यांचे बालपण नैऋत्य स्कॉटलंडमधील ग्लेनलेअर या कौटुंबिक जमिनीवरच्या घरात गेले. प्रत्येक वस्तू कशी चालते, हे विचारून घरच्यांना भंडावून सोडणारा हा मुलगा आठ वर्षांचा असताना, १८३९ साली, आई फ्रान्सेस यांचे पोटाच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे पिता-पुत्रांचे नाते अधिकच घट्ट झाले.

१८४१ मध्ये त्यांना एडिंबरा अकॅडमी या शाळेत घालण्यात आले. खेडवळ उच्चार आणि घरी शिवलेले विचित्र कपडे यांमुळे वर्गमित्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली व त्यांना वेडगळ ठरविले. मात्र वयाच्या चौदाव्या वर्षीच त्यांनी अंडाकृती वक्ररेषा दोऱ्याच्या साहाय्याने काढण्याची एक पद्धत शोधली. १८४६ साली हा निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीत सादर झाला. लेखक अल्पवयीन असल्याने तो प्राध्यापक जेम्स फोर्ब्ज यांनी वाचून दाखविला. शाळेतच त्यांची पीटर टेट यांच्याशी मैत्री जुळली आणि ती आयुष्यभर टिकली.

एडिंबरा विद्यापीठात तीन वर्षे काढल्यानंतर १८५० साली मॅक्सवेल केंब्रिजला गेले. आरंभी पीटरहाउस आणि नंतर ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी अध्ययन केले. केंब्रिजची गणिताची ‘ट्रायपॉस’ परीक्षा अत्यंत कठीण समजली जाई. तीत प्रथम वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. महाराष्ट्राला हा शब्द अपरिचित नाही. १८९९ साली याच परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर झाले आणि तो मान मिळविणारे पहिले भारतीय ठरले. फर्ग्युसन कॉलेजचे हे प्राचार्य पुढे रँग्लर परांजपे याच नावाने ओळखले गेले.

१८५४ सालच्या परीक्षेत मॅक्सवेल यांचा क्रमांक दुसरा आला. पहिला क्रमांक पीटरहाउसच्या एडवर्ड जॉन राउथ यांनी पटकाविला. त्यानंतर झालेल्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत मात्र दोघांना समान ठरविण्यात आले. या दोन स्पर्धकांची गाठ स्थैर्याच्या प्रश्नावर पुन्हा पडणार होती, पण त्याला अजून वीस वर्षांचा अवकाश होता.

शनीच्या कड्यांचे कोडे

१८५६ साली मॅक्सवेल यांची ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वडिलांचे निधन झाले आणि ग्लेनलेअरची जबाबदारीही त्यांच्यावर आली. याच काळात ते केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकाच्या विषयावर काम करीत होते. नेपच्यून ग्रहाच्या शोधाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या या पारितोषिकासाठी तेव्हा शनीच्या कड्यांचा प्रश्न देण्यात आला होता. ही कडी घन आहेत, द्रवरूप आहेत की सुट्या कणांची आहेत, आणि यांपैकी कोणत्या स्थितीत ती टिकून राहू शकतात, हे स्पर्धकांनी सांगावयाचे होते.

मॅक्सवेल यांनी त्यासाठी वापरलेली रीत महत्त्वाची आहे. कडे आपल्या जागेवरून किंचित हलले, असे त्यांनी मानले. तो लहानसा विक्षेप पुढे वाढत जातो की आटोक्यात राहतो, हे पाहण्यासाठी त्यांनी गतीची समीकरणे मांडली. त्यांतून एक बीजगणितीय समीकरण निघते आणि विक्षेपाचे भवितव्य त्या समीकरणाच्या मुळांवर अवलंबून असते. समान जाडीचे घन कडे क्षुल्लक धक्क्यानेही ग्रहावर कोसळेल, असे त्यांनी सिद्ध केले. द्रव कडे लहरींमुळे फुटेल, हेही दाखविले. उरला तो एकच पर्याय. ही कडी असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कणांची हालचाल दाखविण्यासाठी त्यांनी ३६ छोटे हस्तिदंती गोळे बसविलेली एक प्रतिकृतीही तयार करवून घेतली.

१८५७ चे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले आणि १८५९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. १८९५ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जेम्स कीलर यांनी वर्णपटाच्या निरीक्षणांतून या निष्कर्षाला पुष्टी दिली. पुढे व्हॉयेजर यानांनी आणि २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने ही कडी जवळून न्याहाळली. शनीच्या एका कड्यातील फटीला आज मॅक्सवेल यांचे नाव आहे.

गव्हर्नर नावाचे यंत्र

१८५८ साली मॅक्सवेल यांचा विवाह मारिशल कॉलेजच्या प्राचार्यांची कन्या कॅथरीन डेवर यांच्याशी झाला. मात्र सासऱ्यांच्या पदाचा जावयाला उपयोग झाला नाही. १८६० मध्ये ॲबर्डीनमधील दोन कॉलेजांचे एकत्रीकरण झाले आणि मॅक्सवेल यांना आपले पद गमवावे लागले. एडिंबरा विद्यापीठातील रिकाम्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला, पण तेथे त्यांचे मित्र टेट यांची निवड झाली. त्याच वर्षी त्यांना देवी आल्या. पत्नीच्या शुश्रूषेने ते बरे झाले आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाले. रंगीत छायाचित्राचे प्रात्यक्षिक आणि विद्युतचुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत ही त्यांची मोठी कामे लंडनमधील याच पाच वर्षांतील होत.

या काळात ब्रिटिश असोसिएशनने विद्युतरोधाचे प्रमाण एकक निश्चित करण्यासाठी एक समिती नेमली होती. मॅक्सवेल, फ्लीमिंग जेंकिन आणि बाल्फोर स्टुअर्ट यांनी त्यासाठी किंग्ज कॉलेजात प्रयोग केले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरवायचे आणि त्याच्या मध्यभागी टांगलेले छोटे चुंबक किती वळते, ते मोजायचे, अशी ही रचना होती. मोजमाप अचूक येण्यासाठी वेटोळ्याचा वेग अखंड सारखा राहणे आवश्यक होते. त्याकरिता जेंकिन यांनी एक गव्हर्नर, म्हणजे वेगनियंत्रक, तयार केला. मॅक्सवेल यांचे लक्ष या यंत्राकडे वेधले गेले ते येथे.

गव्हर्नर ही वस्तू तेव्हा नवी नव्हती. जेम्स वॅट यांनी १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा गव्हर्नर जोडला होता. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेली दांडी वाफेची झडप थोडी मिटते आणि वेग उतरतो. वेग उतरला की गोळे खाली येतात आणि झडप पुन्हा उघडते. परिणामाची खबर कारणापर्यंत परत नेऊन कारणच सुधारण्याच्या या युक्तीला आज प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात.

पण एक अडचण वारंवार येई. गव्हर्नर अधिक तत्पर करावा, त्याचे घर्षण कमी करावे, तर इंजिन सुधारण्याऐवजी बिघडे. वेग एकदा वाजवीपेक्षा वर, एकदा खाली असे हेलकावे सुरू होत आणि ते वाढत जात. गिरणीत अशा इंजिनावर चालणारी सर्वच यंत्रे बेताल होत. दुर्बीण ताऱ्याच्या गतीने फिरविणाऱ्या यंत्रणेतही हाच दोष राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना आढळला होता आणि १८४० साली त्यांनी त्यावर लिहिले होते. कारागीर अनुभवाने उपाय करीत, परंतु त्यामागचा नियम कोणाला सांगता येत नव्हता.

१८६८ चा निबंध

१८६५ मध्ये मॅक्सवेल यांनी किंग्ज कॉलेजचा राजीनामा दिला आणि ते ग्लेनलेअरला परतले. शेतीवाडीची देखरेख, घराची दुरुस्ती आणि लेखन असा त्यांचा दिनक्रम होता. तेथील वास्तव्यातच त्यांनी गव्हर्नरांवरील निबंध पूर्ण केला. मार्च १८६८ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. ‘ऑन गव्हर्नर्स’ असे शीर्षक असलेला हा निबंध अवघ्या १४ पानांचा आहे.

मॅक्सवेल यांनी प्रथम दोन प्रकारच्या यंत्रांत भेद केला. काही यंत्रे वेग वाढू लागला की त्याला विरोध करतात, पण वेग थोडा बदललेलाच राहू देतात. दुसऱ्या प्रकारची यंत्रे वेग मूळ पदावर येईपर्यंत सुधारणा चालूच ठेवतात. या दुसऱ्या प्रकारालाच ते खरा गव्हर्नर म्हणत. त्यानंतर त्यांनी शनीच्या कड्यांच्या वेळची रीत पुन्हा वापरली. यंत्राला लहानसा धक्का बसला, तर चारच गोष्टी संभवतात. विक्षेप सरळ वाढत जाईल, सरळ घटत जाईल, वाढत्या हेलकाव्यांचे रूप घेईल किंवा घटत्या हेलकाव्यांचे. यांपैकी काय होईल, हे यंत्राच्या समीकरणाच्या मुळांवरून ठरते. मूळ वास्तव संख्या असेल तर ती ऋण असली पाहिजे. मूळ संमिश्र संख्या असेल तर तिचा वास्तव भाग ऋण असला पाहिजे. एकही मूळ या अटीबाहेर गेले, तर यंत्र अस्थिर होते.

तिसऱ्या घाताच्या समीकरणासाठी त्यांनी संपूर्ण उत्तर दिले. समीकरणातील पहिल्या पदाचा सहगुणक १ असेल आणि पुढील तिन्ही सहगुणक धन असतील, तर त्या तिघांपैकी पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्यापेक्षा मोठा असणे, एवढीच काय ती स्थैर्याची अट. यासाठी मुळे प्रत्यक्ष शोधण्याची गरज नाही. पाचव्या घाताच्या समीकरणात मात्र त्यांचे पाऊल अडले. काही आवश्यक अटी त्यांना मिळाल्या, पण त्या पुरेशा आहेत असे सिद्ध करता आले नाही. त्याच वर्षी जानेवारीत लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हा प्रश्न जमलेल्या गणितज्ञांपुढे ठेवला होता. तरुण गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी एक मार्ग सुचविला, परंतु व्यवहारात वापरता येईल असे उत्तर हाती आले नाही. आपल्या निबंधात मॅक्सवेल यांनी ही उणीव झाकली नाही. सर्वसाधारण प्रश्न त्यांनी पुढील गणितज्ञांसाठी मोकळा ठेवला.

इंजिने बांधणाऱ्या अभियंत्यांनी या निबंधाची त्या काळी फारशी दखल घेतली नाही. त्यातील गणित त्यांच्या परिचयाचे नव्हते आणि मांडणी अतिशय संक्षिप्त होती.

जुन्या स्पर्धकाचे उत्तर

१८७१ साली मॅक्सवेल केंब्रिजला परतले आणि प्रायोगिक भौतिकशास्त्राचे पहिले कॅव्हेंडिश प्राध्यापक झाले. १८७४ मध्ये सुरू झालेली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली. १८७३ साली विद्युत आणि चुंबकत्वावरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

१८७५ साली ॲडम्स पारितोषिकाचा पुढील विषय जाहीर झाला. गतिमान व्यवस्थेच्या स्थैर्याचा निकष, हा तो विषय होता. परीक्षकांत मॅक्सवेल यांचा समावेश होता. अठरा वर्षांपूर्वी ज्या पारितोषिकाने त्यांना कीर्ती दिली, त्याच पारितोषिकाच्या माध्यमातून त्यांना अडलेला प्रश्न आता इतरांपुढे मांडला गेला. १८७७ चे पारितोषिक मिळाले ते एडवर्ड राउथ यांना.

राउथ यांनी दरम्यानच्या काळात केंब्रिजमधील सर्वांत यशस्वी शिक्षक म्हणून लौकिक मिळविला होता. वीसहून अधिक सीनियर रँग्लर त्यांच्या हाताखाली तयार झाले. एअरी यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. कोणत्याही घाताच्या समीकरणाचे सहगुणक एका कोष्टकात विशिष्ट रीतीने मांडायचे आणि त्याच्या पहिल्या स्तंभातील चिन्हे किती वेळा बदलतात ते मोजायचे, अशी पद्धत त्यांनी दिली. जितके बदल, तितकी मुळे धोक्याच्या बाजूला. एकही बदल नसेल, तर व्यवस्था स्थिर. १८५४ साली मॅक्सवेल यांना मागे टाकणाऱ्या राउथ यांनी त्यांचाच प्रश्न सोडविला होता. पुढे १८९५ मध्ये झुरिचचे ॲडॉल्फ हुर्विट्झ यांनी स्वतंत्रपणे तोच निकष वेगळ्या रूपात मांडला. आज तो राउथ-हुर्विट्झ निकष म्हणून शिकविला जातो.

मॅक्सवेल यांना या यशानंतर फार काळ लाभला नाही. १८७९ मध्ये त्यांना पोटाच्या कर्करोगाने ग्रासले. आईचा मृत्यू याच प्रकारच्या व्याधीने झाला होता. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिज येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावातील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. या दांपत्याला अपत्य नव्हते.

मुळांचा बिंदुपथ

राउथ यांचा निकष व्यवस्था स्थिर आहे की नाही, एवढेच सांगतो. स्थिर असेल तर काठावर आहे की काठापासून दूर, धक्क्यानंतर ती लवकर सावरेल की बराच वेळ डोलत राहील, याचे उत्तर त्यातून सहज मिळत नाही. विमानांच्या स्वयंचलित नियंत्रणाची निकड वाढली, तेव्हा ही उणीव जाणवू लागली. अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीत काम करणारे अभियंते वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ व १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून ती भरून काढली.

नियंत्रकाची तीव्रता, म्हणजेच ‘गेन’, शून्यापासून हळूहळू वाढवीत गेल्यास समीकरणाची मुळे आलेखावर कोणत्या मार्गाने सरकतात, हे रेखाटायचे, अशी इव्हान्स यांची कल्पना होती. हा मार्ग म्हणजेच मुळांचा बिंदुपथ. आलेखावरील एखादा बिंदू या मार्गावर आहे की नाही, हे केवळ कोन मोजून ठरविता येते. त्यामुळे समीकरण वारंवार सोडविण्याचे कष्ट वाचले. कोनांची बेरीज सुलभ व्हावी म्हणून त्यांनी ‘स्पायरूल’ नावाचे एक प्लॅस्टिकचे साधनही तयार केले.

एका साध्या उदाहरणावरून ही पद्धत स्पष्ट होते. एखाद्या यंत्रणेची मुळे गेन शून्य असताना ०, -१ आणि -२ येथे आहेत असे मानू. गेन वाढू लागताच पहिली दोन मुळे एकमेकांकडे सरकतात. गेन सुमारे ०.३८ होताच ती -०.४२ च्या जवळ एकत्र येतात. तेथून ती आडव्या अक्षापासून दूर होतात, एक वर आणि एक खाली. याचा अर्थ यंत्रणा आता डोलू लागते, पण तिचे हेलकावे विरतात. गेन आणखी वाढविला की ही जोडी उजवीकडे झुकत जाते आणि गेन ६ असताना उभ्या अक्षाला स्पर्श करते. तेथे हेलकावे ना वाढतात, ना विरतात. तिसरे मूळ तोवर डावीकडे सरकून -३ पाशी पोहोचलेले असते. गेन ६ च्या पलीकडे गेला की जोडी उजव्या बाजूला जाते आणि यंत्रणा अस्थिर होते. वॅट यांच्या गव्हर्नरला अधिक तत्पर करू पाहणाऱ्या कारागिरांचा अनुभव या चित्रात स्पष्ट दिसतो.

या यंत्रणेचे समीकरण तिसऱ्या घाताचे असून त्याचे सहगुणक अनुक्रमे १, ३, २ आणि गेन असे आहेत. मॅक्सवेल यांच्या अटीनुसार ३ आणि २ यांचा गुणाकार गेनपेक्षा मोठा हवा. म्हणजेच गेन ६ पेक्षा कमी हवा. बिंदुपथाने दाखविलेली मर्यादा आणि १८६८ सालच्या निबंधातील अट तंतोतंत जुळतात.

उशिरा मिळालेली दाद

ज्या वर्षी इव्हान्स यांचा पहिला निबंध आला, त्याच १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्रे व सजीव यांतील नियंत्रणाच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले. सुकाणू धरणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले असून गव्हर्नर हा शब्दही त्याच ग्रीक शब्दाच्या लॅटिन रूपावरून आला आहे. हे नाव निवडताना फीडबॅकवरील पहिला महत्त्वाचा निबंध म्हणून वीनर यांनी मॅक्सवेल यांच्या लेखनाचा उल्लेख केला. प्रसिद्धीनंतर ८० वर्षांनी त्या १४ पानांना ही दाद मिळाली.

आज संगणक क्षणार्धात मुळांचे बिंदुपथ काढून देतो. भारतातील वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखण्यासाठी औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील टर्बाइनांना गव्हर्नर बसविलेले असतात. कोयनेच्या पाण्यावर फिरणारी चक्रेही त्याला अपवाद नाहीत. गोळे आणि दांड्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मंडलांनी घेतली असली, तरी रचनाकाराला पडणारा प्रश्न तोच आहे. सुधारणा किती तत्परतेने करावी, म्हणजे यंत्र सावरेल आणि बेभान होणार नाही, याचा निर्णय आजही समीकरणाच्या मुळांकडे पाहूनच केला जातो. तो प्रश्न गणिताच्या भाषेत प्रथम नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय ग्लेनलेअरच्या मॅक्सवेल यांना जाते.